'गांधी' चित्रपट, त्याचे चाहते आणि गायब झालेले १९३२ साल

दरवर्षी २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी या दोन तारखा जवळ आल्या की रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटाची आठवण निघते. कुठल्या तरी वाहिनीवर तो लागतो, कॉलेजच्या सभागृहात दाखवला जातो आणि सिनेमाप्रेमी मंडळींच्या मतांना ऊत येतो. बेन किंग्जले अभिनय करतच नाही, तो गांधी होऊन जातो. अंत्ययात्रेच्या दृश्यात सुमारे तीन लाख खरीखुरी माणसे आहेत, संगणकाची करामत नाही. धारासणाला लाठ्या खात पुढे जाणाऱ्या सत्याग्रहींचा प्रसंग बघून आजही घशात आवंढा येतो. रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा केवळ अप्रतिम. आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, ज्यांना याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळाले आणि ज्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

यातले एकही मत खोटे नाही. ११ नामांकने आणि ८ ऑस्कर मिळवणारा हा १९१ मिनिटांचा चित्रपट कारागिरीच्या दृष्टीने मोठाच आहे. ज्यांना तो आवडतो त्यांच्या आवडीशी माझे भांडण नाही.

भांडण सुरू होते ते एखादा पोरगा उठून साधा प्रश्न विचारतो तेव्हा. यात बाबासाहेब कुठे आहेत?

मग हवा बदलते. आतापर्यंत प्रकाशयोजना आणि संगीतावर बोलणारे लोक एकदम वकील होतात. कोणी म्हणते, अहो, सिनेमा सिनेमासारखा बघा, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? कोणी म्हणते, तीन तासांत किती माणसे बसवणार? कोणी म्हणते, चित्रपटाचे नाव 'गांधी' आहे, 'आंबेडकर' नाही. आणि शेवटचे ठरलेले वाक्य येते, तुम्हाला एवढे वाटते तर तुम्ही तुमचा वेगळा चित्रपट काढा. आपले काही तरुणही मग चिडून म्हणतात की हा चित्रपट बघायचाच नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. तो बघा. नीट बघा. कारण या चित्रपटात जे नाही ते कुठून कापले आहे याची शिवण पडद्यावर स्पष्ट दिसते.

सुरुवात वेळेच्या सबबीपासून करू. चित्रपटाच्या आरंभीच पाटी येते, तिचा आशय असा की कोणत्याही माणसाचे आयुष्य एका कथनात मावत नाही. मान्य. पण काय मावले ते पाहा. नेहरू आहेत, पटेल आहेत, मौलाना आझाद आहेत, जीना आहेत. व्हाइसरॉय आहेत. मार्टिन शीनने केलेला वॉकर नावाचा अमेरिकन पत्रकार आहे. हा वॉकर इतिहासात कधी नव्हता. वेब मिलर नावाच्या खऱ्या बातमीदाराच्या कामावरून त्याचे पात्र बेतले आहे. म्हणजे पटकथाकार जॉन ब्रायली यांना काल्पनिक माणसासाठी जागा सापडली. एवढेच नाही, तर या चित्रपटात रॅम्से मॅकडोनाल्डही आहेत! ब्रिटनचे पंतप्रधान. टेरेन्स हार्डिमन या नटाने ती भूमिका केली आहे. गोलमेज परिषदेसाठी गांधी लंडनला जातात, तिथले काही प्रसंग येतात, आणि मग पटकथा जी उडी मारते ती थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उतरते.

मित्रांनो, ही उडी लक्षात ठेवा. १९३१ च्या डिसेंबरनंतरची जवळजवळ आठ-दहा वर्षे एका झेपेत पार होतात. आणि त्याच खड्ड्यात १९३२ साल पडलेले आहे.

त्या खड्ड्यात काय आहे ते क्रमाने पाहू, कारण आपल्याही अनेक कार्यकर्त्यांना पुणे करार म्हटले की २४ सप्टेंबर ही तारीख आठवते, पण त्याच्या आधीची साखळी आठवत नाही.

नोव्हेंबर १९३० मध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला होता. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि मद्रासकडचे रेट्टमलै श्रीनिवासन तिथे होते. अस्पृश्य हा स्वतंत्र राजकीय घटक आहे, त्याला स्वतःचे हक्क आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत, ही मागणी जगासमोर अधिकृतपणे मांडली गेली ती तिथे. पुढच्या वर्षी १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधी आणि बाबासाहेबांची पहिली भेट झाली. ती कडवट झाली. ज्या भूमीत आमच्याशी कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट व्यवहार होतो तिला मायभूमी कसे म्हणू, हा बाबासाहेबांच्या बोलण्याचा आशय होता. महादेव देसाईंनी नोंदवून ठेवले आहे की लंडनला जाईपर्यंत गांधींना आंबेडकर हे अस्पृश्यांची कळकळ असलेले कोणी ब्राह्मण असावेत असे वाटत होते. म्हणजे चवदार तळ्याला चार वर्षे उलटून गेली होती, काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, आणि देशाच्या सर्वात मोठ्या पुढाऱ्याला या माणसाची ओळख नव्हती. चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा नाट्यमय प्रसंग आणखी कोणता हवा होता?

दुसऱ्या गोलमेज परिषदेत काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी म्हणून गांधी गेले. मुसलमान आणि शीख यांचे वेगळे राजकीय अस्तित्व त्यांनी नाइलाजाने का होईना मान्य केले, पण अस्पृश्यांचे नाही. १३ नोव्हेंबर १९३१ रोजी अल्पसंख्याक समितीत त्यांनी स्पष्ट सांगितले की याला मी प्राण पणाला लावून विरोध करीन. अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी मीच, हा त्यांचा दावा होता. समोर बसलेले बाबासाहेब म्हणत होते की आमचे प्रतिनिधी आम्ही आहोत.

१६ ऑगस्ट १९३२ रोजी मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना दोन मते मिळाली. एक मत सर्वसाधारण मतदारसंघात, सगळ्यांबरोबर. दुसरे मत खास मतदारसंघात, जिथे उमेदवारही अस्पृश्य आणि मतदारही अस्पृश्य. ही व्यवस्था वीस वर्षांसाठी होती. प्रांतिक कायदेमंडळांत अशा सत्तरहून अधिक जागा मिळणार होत्या. आकडा लहान दिसतो. पण त्या जागांवर निवडून येणारा माणूस कोणाला उत्तरदायी राहणार होता, हे बघितले की दुसऱ्या मताची किंमत कळते. आणि पहिल्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्यांच्या दारात यावे लागणार होते.

गांधी येरवडा तुरुंगात होते. २० सप्टेंबरला दुपारी त्यांनी आमरण उपोषण सुरू केले. पुढचे चार दिवस बाबासाहेबांवर जो दबाव आला त्याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. एका बाजूला कोट्यवधी अस्पृश्यांना पहिल्यांदा मिळालेला राजकीय हक्क. दुसऱ्या बाजूला देशातल्या सर्वात लोकप्रिय माणसाचा प्राण, आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर खेड्याखेड्यांत विखुरलेल्या, गावकुसाबाहेर दहा-वीस घरांनी राहणाऱ्या आपल्या माणसांचे काय होईल हा प्रश्न. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करायची, मग त्या चारांतून सर्वसाधारण मतदारांनी एकाला निवडायचे. जागा दुपटीच्या आसपास गेल्या आणि निवडीची चावी बहुसंख्य मतदारांच्या हाती गेली. २६ सप्टेंबरला उपोषण सुटले.

हा सगळा प्रसंग चित्रपटाच्या भाषेत बघा. तुरुंगाचे आवार, आंब्याच्या झाडाखालची खाट, घड्याळाचा काटा, तारा, वाटाघाटी, एकमेकांसमोर बसलेली दोन प्रचंड माणसे. तीन तासांचा चित्रपट काढणारा कोणताही दिग्दर्शक या चार दिवसांवर उडी मारेल. अ‍ॅटनबरोंनी का मारली नाही?

अज्ञानामुळे नाही, हे नक्की सांगता येते. मोतीलाल कोठारी यांनी १९६२ साली अ‍ॅटनबरोंना चित्रपटाची कल्पना सांगितली तेव्हा लुई फिशर यांचे गांधीचरित्र त्यांच्या हाती दिले. तेच पुस्तक वाचून ते भारावले आणि पुढे वीस वर्षे या चित्रपटाच्या मागे लागले, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. त्या पुस्तकात फिशर यांनी १९३२ च्या उपोषणाची हकीकत अगदी बारकाईने, दिवसागणिक लिहिली आहे आणि डॉ. आंबेडकर त्यात ठसठशीतपणे येतात. धनंजय कीरांचे इंग्रजीतले आंबेडकर चरित्र १९५४ पासून उपलब्ध होते. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाचे खंड यायला लागले होते. म्हणजे मूळ ग्रंथात प्रकरण आहे, बाजारात चरित्र आहे, आणि पटकथेत मात्र प्रसंग नाही. याला वगळणे म्हणतात, विसरणे नाही.

माझ्या मते कारण पटकथेच्या पोटात आहे. या चित्रपटात उपोषण दोनदा महत्त्वाचे ठरते. चौरीचौरानंतर आणि १९४७ साली कलकत्त्यात. दोन्ही वेळा गांधी हिंसेविरुद्ध उपाशी राहतात. लोक शस्त्रे आणून त्यांच्या पायाशी टाकतात. प्रेक्षकाच्या मनात उपोषण म्हणजे निर्मळ प्रायश्चित्त, कोणाच्याही विरोधात नसलेले, असे समीकरण पक्के होते. आता यात तिसरे उपोषण घाला. तुरुंगातून, देशातल्या सर्वात दुबळ्या समाजाला मिळालेल्या हक्काच्या विरोधात केलेले. आणि समोर शस्त्र टाकायला कोणी दंगलखोर नाही, तर कोलंबिया आणि लंडनहून पदव्या घेऊन आलेला, युक्तिवाद करणारा एक अस्पृश्य माणूस आहे. चित्रपटाचे समीकरण तिथेच कोलमडते. प्रेक्षकाला पहिल्यांदाच असे वाटू शकते की इथे गांधींच्या समोरचा माणूस बरोबर आहे. संताच्या कथेला खलनायक चालतो, मूर्ख अनुयायी चालतो. बरोबर असलेला विरोधक चालत नाही.

गांधींचे समर्थक यावर म्हणतात की करारामुळे जागा वाढल्या, आणि त्या आठवड्यात देशभर देवळे आणि विहिरी खुल्या झाल्या. जागा वाढल्या हे खरे, आणि काही देवळे उघडली हेही खरे. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार मात्र त्यानंतरही बंदच राहिले.

नाशिकचे नाव आलेच आहे तर मिठाच्या सत्याग्रहाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण चाहत्यांच्या मते चित्रपटाचा कळस तोच आहे. गांधी साबरमतीहून निघाले १२ मार्च १९३० रोजी. सोबत अठ्ठ्याहत्तर सत्याग्रही. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी. बरोबर दहा दिवस आधी. हजारोंचा मोर्चा, पुढे बाबासाहेब, नंतर दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालवलेली वर्षानुवर्षांची लढाई. मागणी काय होती? समुद्राचे मीठ नव्हे. ज्या देवाला तुम्ही आमचाही म्हणता त्याच्या दारातून आत जाण्याची. एकाच महिन्यात, शेजारच्या दोन प्रदेशांत, 'सत्याग्रह' हाच शब्द घेऊन दोन चळवळी उभ्या राहिल्या. एकीत समोर इंग्रज होता, दुसरीत समोर आपलेच धर्मबांधव होते. धारासणाला पटकथेने वॉकरला पाठवले, त्याने फोनवरून जगाला बातमी दिली आणि प्रेक्षक रडला. नाशिकला पटकथेने कोणाला पाठवले नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनीही ध्यानात ठेवावी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपात गांधींचे छायाचित्र लावलेले होते. म्हणजे बाबासाहेबांची चळवळ गांधीद्वेषातून जन्मलेली नव्हती. अपेक्षा होती. ती कशी मावळली, कोणत्या घटनांनी मावळली, हीच तर कथा आहे. ती दाखवली असती तर गांधी लहान झाले नसते. ते माणूस दिसले असते.

गंमत अशी की या चित्रपटाने फक्त बाबासाहेबांना वगळले नाही, जातीचा प्रश्नच वगळला. अस्पृश्यता मनातून आणि जीवनातून काढा अशी दोन-तीन वाक्ये आहेत. आश्रमात संडास साफ करण्यावरून कस्तुरबांशी झालेला वाद आहे, आणि तो चांगला वठला आहे हे मान्य करतो. पण १९३३-३४ मध्ये गांधींनी स्वतः काढलेला महिनोन्महिने चाललेला हरिजन दौरा नाही. त्या दौऱ्यात २५ जून १९३४ रोजी पुण्यात सनातन्यांनी त्यांच्या स्वागताच्या वेळी बॉम्ब टाकला, तो प्रसंग नाही. त्या दौऱ्यावर आपली टीका आहे आणि ती राहील. दयेचे राजकारण आणि हक्काचे राजकारण यांत फरक आहे. तरीही, देवळे उघडा एवढे म्हणणाऱ्या माणसाचाही सनातन्यांना इतका राग आला की बॉम्ब टाकावासा वाटला, हे कळले असते तर चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात पिस्तूल घेऊन येणारा माणूस कोणत्या मातीतून उगवला हे प्रेक्षकाला समजले असते. चित्रपटातला नथुराम गर्दीतून येतो, गोळ्या घालतो आणि गर्दीत विरून जातो. त्याचा विचार काय, त्याचे गुरू कोण, पुण्याशी त्याचा संबंध काय, याबद्दल चित्रपट जवळजवळ गप्प आहे. गांधींच्या खऱ्या भक्तांनी खरे तर या मुद्द्यावर आपल्यापेक्षा जास्त चिडायला हवे होते.

आता हा चित्रपट कोणत्या काळात बनला ते बघा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. नामांतर लोंबकळत पडले ते १९९४ पर्यंत. याच वर्षांत, भारत सरकारने एनएफडीसीमार्फत मोठी रक्कम घातलेल्या 'गांधी'चे चित्रीकरण सुरू झाले. तारीख होती २६ नोव्हेंबर १९८०. या तारखेला ३१ वर्षांपूर्वी संविधान सभेने संविधान स्वीकारले होते. योगायोगच आहे हा, त्यात कट शोधू नका. पण योगायोगही कधी कधी चांगला विनोद करतो.

याहून मोठा योगायोग १९८२ च्या शरद ऋतूत घडला. २४ सप्टेंबर १९८२ ला पुणे कराराला पन्नास वर्षे झाली. त्या दिवशी कांशीराम यांनी 'चमचा युग' हे पुस्तक प्रसिद्ध केले. कांशीराम पुण्यातच संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तिथेच बुद्ध आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्टीच्या वादातून, दीनाभाना यांच्या प्रकरणातून, ते चळवळीत आले होते. त्यांचा सिद्धांत सर्वांना माहीत आहे. संयुक्त मतदारसंघातून निवडून येणारा राखीव जागेवरचा माणूस आपल्या समाजाचा प्रतिनिधी राहत नाही, तो ज्यांच्या मतांवर निवडून येतो त्यांचा चमचा होतो. डीएस-४ ने पुण्यापासून जालंधरपर्यंत पुणे कराराच्या धिक्काराचे कार्यक्रम घेतले. आणि ते संपून महिना होतो न होतो तोच, ३० नोव्हेंबर १९८२ रोजी, दिल्लीत 'गांधी'चा शुभारंभाचा खेळ झाला.

एकाच हंगामात पुणे कराराबद्दल दोन विधाने झाली. एक सायकलवरून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावोगाव केले. दुसरे सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर झाले, आणि ते होते संपूर्ण मौन. कोणते जगभर पोहोचले हे सांगायची गरज नाही.

कांशीरामांचा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारावा असे मी म्हणत नाही. त्यावर वाद आहेत, ते व्हावेत. पण त्याला इतिहासाचा आधार होता. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची जवळजवळ धूळधाण झाली. खुद्द बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बंगालमधून निवडून यावे लागले. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. १९५२ ला मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभव, १९५४ ला भंडाऱ्यात पराभव. संविधान लिहिणारा माणूस राखीव जागेवरून लोकसभेत जाऊ शकला नाही, हे त्या दुसऱ्या मताच्या नसण्याचे गणित आहे. आज राखीव मतदारसंघातला खासदार अत्याचाराच्या प्रकरणात तोंड का उघडत नाही, असा प्रश्न आपण प्रत्येक मोर्चात विचारतो. त्याची मुळे ज्या चार दिवसांत आहेत ते चार दिवस जगातल्या सर्वात गाजलेल्या भारतविषयक चित्रपटात नाहीत. म्हणून हा प्रश्न निव्वळ मानापमानाचा नाही.

'वेगळा चित्रपट काढा' म्हणणाऱ्यांना सांगा, काढला. जब्बार पटेलांनी काढला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', मामुट्टी प्रमुख भूमिकेत, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याच्याही मागे एनएफडीसी होती. पण प्रदर्शन किती झाले? तमिळ आवृत्ती तर न्यायालयात जावे लागल्यानंतर २०१० च्या डिसेंबरात चित्रपटगृहात पोहोचली. आणि त्या चित्रपटात गांधी आहेत. मोहन गोखले यांनी ते केले आहेत. त्यात पुणे करार आहे, उपोषण आहे. बाबासाहेबांचा चित्रपट गांधींना टाळून काढता येत नाही, जब्बार पटेलांनी टाळलेही नाही. मग गांधींचा चित्रपट बाबासाहेबांना टाळून कसा निघतो, हा प्रश्न नावावरून वाद घालणाऱ्यांनी सोडवावा.

ही खोड फक्त आपल्याकडची आहे असेही नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'लिंकन' २०१२ साली आला. डॅनियल डे-लुईसला ऑस्कर मिळाले, समीक्षक खूश, प्रेक्षक खूश. चित्रपट जानेवारी १८६५ मधला, गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा. ३१ जानेवारीला प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी ती मंजूर होते तो प्रसंग जबरदस्त आहे. पण त्यात फ्रेडरिक डग्लस नाहीत. गुलामीत जन्मलेला, पळून जाऊन स्वतंत्र झालेला, लिंकनना तोंडावर सुनावणारा, काळ्या सैनिकांना समान वागणूक मिळावी म्हणून १८६३ मध्ये थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पोहोचलेला डग्लस. ४ मार्च १८६५ ला लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीनंतरच्या समारंभात डग्लसना दारावर पोलिसांनी अडवले होते, मग लिंकननी त्यांना मित्र म्हणून आत बोलावले. असा प्रसंग कोणत्याही दिग्दर्शकाने सोडावा? केट मसूर या इतिहासकार बाईंनी तेव्हाच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की या चित्रपटातली काळी माणसे नुसती वाट बघत बसलेली दिसतात, आपल्या मुक्तीसाठी स्वतः काही करताना दिसत नाहीत. त्यांनाही चाहत्यांची उत्तरे तीच मिळाली. वेळ नव्हता. नाव 'लिंकन' आहे.

तात्यासाहेबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केली होती. नाते एवढे जुने आहे. म्हणूनच त्यांच्या आणि आपल्या पडद्यावरची रिकामी खुर्ची सारखीच दिसते. मुक्तिदाता वरून येतो, मुक्त होणारे खाली हात जोडून उभे असतात, ही मांडणी दोन्हीकडे एकच.

आणि जाता जाता, आपल्या घरातलेही बोलू. बाबासाहेबांवर निघालेल्या चित्रपटांत आणि मालिकांत तरी महाड कसे दिसते? एक नायक, मागे गर्दी. महाडची परिषद जमवण्यासाठी पायाला भिंगरी लावून फिरलेले रामचंद्र बाबाजी मोरे किती प्रेक्षकांना माहीत आहेत? तळे खुले करण्याचा ठराव विधिमंडळात आणणारे बोले, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे? त्या परिषदेला आलेल्या, बाबासाहेबांचे ऐकून लुगडे नेसण्याची पद्धत बदलणाऱ्या बायका? संतकथेचा साचा आपणही वापरतो, फक्त आतली मूर्ती बदलतो.

तेव्हा 'गांधी'वर बहिष्कार टाकण्यापेक्षा मी एक उपाय सुचवतो. आपल्या वस्तीत, वसतिगृहात, विहारात २४ सप्टेंबरला तो चित्रपट दाखवा. सिनेमाप्रेमी मित्रांनाही बोलवा, त्यांना हवे तेवढे कौतुक करू द्या. रॅम्से मॅकडोनाल्डचे दृश्य संपले आणि पटकथा उडी मारायला निघाली की तिथे थांबवा. दिवे लावा. पुणे कराराचा मजकूर मोठ्याने वाचा, तो काही फार लांब नाही. मग सह्यांची यादी वाचा. मदनमोहन मालवीय, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, डॉ. आंबेडकर, श्रीनिवासन, एम. सी. राजा. गांधींची सही त्यात नाही, त्यांचा मुलगा देवदासची आहे.

आणि त्याच यादीत पी. बाळू हे नाव आहे. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखता राखता गोलंदाज झालेला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा फिरकीपटू. 'लगान'मधला कचरा ज्यांना आवडतो त्यांनी हे नाव जरूर शोधावे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. पाच वर्षांपूर्वी एका कागदावर सह्या केलेली दोन माणसे एकाच राखीव जागेसाठी समोरासमोर आली. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.